स्वयंपाकघरातील धूर आणि धूरछत्र

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे जुने ग्रंथालय आहे. दुसरे शरभोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात तेथे राज्य करीत होते. त्यांच्या आश्रयाने ग्रंथालयात जो संग्रह वाढला, त्यात 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाचा मराठी पाकग्रंथही आहे. कावेरीच्या काठी राहूनही तंजावरच्या मराठी घराण्यांनी आपली भाषा आणि आपले स्वयंपाकघर कसे सांभाळले, याची अशा ग्रंथावरून कल्पना येते. परंतु पदार्थाचे साहित्य व कृती सांगणे एवढेच पाकग्रंथाचे काम होय. चुलीवरचा धूर कोठे जातो हा प्रश्न घराच्या रचनेने सोडवावयाचा असे.

तंजावरच्या जुन्या घरांनी तो आपल्या परीने सोडविलाही होता. घराच्या मध्यभागी आकाशाला उघडा असा चौक असे. त्याला तमिळ भाषेत 'मुट्रम' म्हणतात. स्वयंपाकघर मागील बाजूस, विहिरीजवळ असे. त्यावर कौलारू छप्पर असल्यामुळे कौलांच्या फटींतून थोडाफार धूर बाहेर पडे. उरलेला धूर मात्र वाशांना काळे करी आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जाई. म्हणजे प्रश्न अर्धाच सुटलेला होता.

आज तंजावरात, तसेच पुण्यात वा नागपुरात, अनेक कुटुंबे सिमेंटच्या सपाट छताखाली, सदनिकांमध्ये राहतात. चौक गेला, कौले गेली. लाकडाच्या जागी स्वयंपाकाचा वायू आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो अनेक गरीब घरांतही पोहोचला. यामुळे धूर पुष्कळ कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. तिळाच्या तेलात मोहरी व सुक्या मिरच्यांची फोडणी पडली, की घरभर ठसका उठतो. हा ठसका व तेलाची वाफ बाहेर घालविण्यासाठी शेगडीवर जे यंत्र बसवितात, त्यास बाजारात 'किचन चिमणी' म्हणतात. या पुस्तिकेत त्यास धूरछत्र असे म्हटले आहे. ते निवडावे कसे, बसवावे कसे आणि त्याची निगा कशी राखावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

धुरात काय असते?

स्वयंपाकघरातील धूर दोन ठिकाणी निर्माण होतो. पहिले ठिकाण म्हणजे ज्वाला. लाकूड किंवा गोवरी जळताना ज्वलन अपुरे राहते. त्यामुळे काजळीचे सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर अनेक वायू बाहेर पडतात. वायूची निळी ज्वाला पुष्कळ स्वच्छ असते. तथापि तिच्या उष्णतेने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. दुसरे ठिकाण म्हणजे कढई. तेल फार तापले की त्याची वाफ होते व ती वाफ थंड होताच तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. विजेच्या शेगडीवर ज्वाला नसते, परंतु कढई असतेच; म्हणून तेथेही धूर असतो.

या कणांपैकी अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण विशेष घातक होत. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रोमीटर धरली, तर असे सुमारे अठ्ठावीस कण एका केसाच्या रुंदीत शेजारी शेजारी बसतील. इतके लहान कण नाकात वा घशात अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार चोवीस तासांच्या सरासरीने अशा कणांचे प्रमाण हवेच्या एका घनमीटरात १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत मुख्य भाग लाकूड, शेण, कोळसा व रॉकेल यांच्या धुराचा आहे; परंतु तळणाची वाफही निर्दोष नाही. अतिशय तापलेल्या तेलात तळताना निघणारी वाफ 'मनुष्यास बहुधा कर्ककारक' आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले आहे.

धुराचा संबंध मोतीबिंदूशीही जोडला जातो. शरभोजी राजांच्या काळी तंजावरात नेत्ररोग्यांवर उपचार होत. त्या रोग्यांच्या सचित्र नोंदी आजही सरस्वती महालात जतन केलेल्या आहेत. डोळ्याचे दुखणे तेव्हा शस्त्राने बरे करीत. त्याचे एक कारण चुलीजवळ असू शकते, हे पुढे कळावयाचे होते.

धुराडे आणि पंखा

तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून हलकी होते आणि वर चढते. उंच नळीत अशी हवा भरली म्हणजे ती वर जाताना खालून नवी हवा ओढून घेते. हेच धुराड्याचे तत्त्व होय. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि तीन मीटर उंचीच्या धुराड्यातील वायू १५० अंश असल्यास जी ओढ उत्पन्न होते, ती पाण्याच्या सुमारे एक मिलिमीटर उंचीच्या स्तंभाच्या दाबाइतकीच असते. ओढ लहान असली तरी बंदिस्त चुलीस ती पुरते, कारण तेथे सारा धूर धुराड्यातूनच जाण्यास भाग पडतो.

उघड्या शेगडीची गोष्ट निराळी आहे. कढईवरून उठणारा उष्ण प्रवाह वर जाताना आजूबाजूची थंड हवा आपल्यात मिसळून घेतो. त्यामुळे तो रुंद होतो आणि निवतो. छतापाशी येईतो त्याचे तापमान समजा ५० अंश राहिले, तर त्याच नळीतील ओढ जवळजवळ एकपंचमांशावर येते. त्यातून तंजावरच्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या आसपास गेली, म्हणजे ती आणखी घटते. म्हणून उघड्या शेगडीवरील छत्रास विजेच्या पंख्याचे साहाय्य द्यावे लागते.

पंखा लावला म्हणजे तो दूरचा धूरही खेचून घेईल, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मेणबत्ती हातभर अंतरावर धरून फुंकर मारली तर ती विझते. परंतु त्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून ती विझविता येत नाही. याचे कारण असे की फुंकलेली हवा एका दिशेने जाते, तर ओढलेली हवा सर्व बाजूंनी येते. उघड्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर गेले, की हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या सुमारे दशांशावर उतरतो. तात्पर्य, धूरछत्र दूरचा धूर ओढून आणीत नाही. वर चढणाऱ्या धुराच्या वाटेवर राहून ते त्यास झेलते व बाहेर नेते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे निवडीचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात.

छत्राची निवड

पहिला नियम आकाराचा. छत्र शेगडीपेक्षा अरुंद असता कामा नये. बाजारात साधारणतः ६०, ७५ व ९० सेंटिमीटर रुंदीची छत्रे मिळतात. दोन बर्नरांच्या शेगडीस ६० सेंटिमीटरचे छत्र सामान्यतः पुरते. तीन किंवा चार बर्नर असल्यास त्याहून रुंद घ्यावे. शेगडीपासून छत्राची उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर असावी आणि उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळावी. फार खाली बसविल्यास आगीचा धोका संभवतो; फार वर बसविल्यास धूर रुंद होऊन कडेने निसटतो.

दुसरा नियम हवेच्या प्रमाणाचा. समजा, स्वयंपाकघर तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद व तीन मीटर उंच आहे. त्यात साडेबावीस घनमीटर हवा मावते. छत्राने तासाला ४०० घनमीटर हवा बाहेर टाकली, तर खोलीतील हवेइतकी हवा तासात सुमारे अठरा वेळा, म्हणजे दर साडेतीन मिनिटांस एकदा, बाहेर जाते. नित्याच्या स्वयंपाकास एवढे समाधानकारक होय. फोडणी व तळण यांच्या वेळी गती वाढविता आली म्हणजे झाले. खोक्यावर हजार किंवा बाराशे असा आकडा छापलेला आढळतो; तो बहुधा सर्वांत वेगवान गतीचा असतो. छत्र भिंतीवर चढून नळीस जोडले गेले, की प्रत्यक्ष प्रवाह त्याहून कमी भरतो. म्हणून केवळ मोठ्या आकड्यास भुलू नये.

तिसरा नियम आवाजाचा. हा गौण वाटतो, पण तसा नाही. कर्कश छत्र घरातील माणसे फोडणी संपताच बंद करून टाकतात. मंद आवाजाचे छत्र मात्र अर्धा तास चालू ठेवण्यास कोणी कंटाळत नाही. शक्य असेल तर दुकानात ते चालवून, ऐकून मगच घ्यावे.

चौथा नियम गाळणीचा. तेलाचे थेंब पंख्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून छत्राच्या तोंडाशी गाळणी बसवितात. एका प्रकारात ॲल्युमिनियमच्या जाळीचे थर असतात. ते तेल चांगले धरतात, परंतु लवकर तुंबतात. दुसऱ्या प्रकारात पोलादाच्या वाकविलेल्या पट्ट्या असतात. हवा त्यांतून वळणे घेत जाते. थेंब जड असल्यामुळे त्यांना तितक्या चटकन वळता येत नाही, ते पट्टीवर आदळून खाली ओघळतात. जेथे रोज फोडणी आहे तेथे हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा. काही छत्रांत गाळणीऐवजी तेल साठण्याची वाटी असते.

कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून ती खोलीतच परत सोडणारी छत्रेही विकली जातात. त्यांना बाहेर जाणारी नळी नसते. सक्रिय कोळसा काही वेळ वास शोषून घेतो. परंतु कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ किंवा उष्णता त्याने अडत नाही. वायूच्या शेगडीसाठी, बाहेर नळी काढणे शक्य असताना, असे छत्र घेऊ नये.

नळी, खिडकी आणि छताचा पंखा

उत्तम छत्रही वाईट नळीमुळे निकामी होते. नळी आखूड, सरळ, रुंद व आतून गुळगुळीत असावी. वळणे शक्य तितकी कमी असावीत. १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीऐवजी १० सेंटिमीटरची नळी जोडली, तर तिचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते आणि तेवढीच हवा नेण्यासाठी सातआठ पट दाब लागतो. भिंतीतील भोक लहान पडले म्हणून गवंड्याने नळी आवळून बसविणे, ही चूक त्यामुळेच फार महाग पडते. नळीचे टोक मोकळ्या हवेत निघाले पाहिजे. माळ्यावर, खोट्या छताच्या पोकळीत किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नव्हे. टोकाशी उलट्या वाऱ्याने मिटणारी झडप आणि पक्ष्यांसाठी जाळी असावी. ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तंजावरास भरपूर पाऊस पडतो. तेव्हा नळीस बाहेरच्या बाजूने किंचित उतार दिलेला बरा.

जितकी हवा बाहेर जाते तितकी आत आली पाहिजे. दारेखिडक्या घट्ट लावून छत्र चालविल्यास पंखा नुसता गुरगुरतो. त्याहून वाईट म्हणजे घरात वायूवर चालणारे पाणी तापविण्याचे यंत्र असल्यास त्याचा विषारी वायू उलट आत खेचला जाण्याचा संभव असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; म्हणून हा धोका दिसत नाही. यास्तव शेगडीपासून दूरची एक खिडकी बोटभर तरी उघडी ठेवावी. शेगडीजवळची खिडकी वा छताचा पंखा मात्र धुराच्या स्तंभास आडवा ढकलतो, आणि मग तो छत्राखाली न जाता स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या तोंडावर येतो. फोडणीच्या वेळी छताचा पंखा बंद ठेवणे आणि तळण मागच्या बर्नरवर करणे, या दोन सवयींस पैसा लागत नाही. परंतु त्यांचा गुण मोठा आहे.

ज्यांना छत्र परवडत नाही, त्यांनी भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारा साधा पंखा बसवावा. तो शेगडीच्या शक्य तितका जवळ व वर असावा. समोरच्या भिंतीवर असला तर धूर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ओलांडूनच तेथे जाईल.

निगा

गाळणीवर तेल साठले की हवेची वाट अरुंद होते. रोज फोडणी व वरचेवर तळण असलेल्या घरात गाळणी दर दोन ते चार आठवड्यांस धुवावी. प्रथम विजेचा खटका बंद करून जोडणी काढावी. गाळणी कढत पाण्यात, भांडी घासण्याच्या साबणात अर्धा तास भिजवावी, मऊ ब्रशाने घासावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. पोलादी गाळणीस धुण्याचा सोडा चालतो. ॲल्युमिनियमच्या जाळीस तो लावू नये, कारण सोड्याने ती काळी पडते व झिजते. वाटीतील तेल भरून वाहण्यापूर्वी काढून टाकावे. आपोआप स्वच्छ होणाऱ्या छत्रांत आतील तेल उष्णतेने पातळ करून वाटीत उतरवितात. पण नळीतील थर त्याने जात नाही. म्हणून वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून पंखा व नळी तपासून घ्यावी.

तेलाचा हा थर केवळ अस्वच्छ नसून ज्वालाग्राही आहे. कढईतील तेलाने पेट घेतल्यास शेगडी बंद करावी, छत्राचा पंखा बंद करावा व कढईवर झाकण ठेवावे. जळत्या तेलावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल सर्वत्र उडते.

छत्र नीट चालते की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. शेगडी बंद असताना वर्तमानपत्राचा तुकडा गाळणीस लावावा. पंखा चालू केल्यावर तो चिकटून राहिला पाहिजे. नवे छत्र बसविताच हे करून पाहावे आणि पुढे दर महिन्यास. कागद गळून पडू लागला, की गाळणी धुण्याची वेळ आली.

एक जुना धडा

निगेवर इतका भर देण्याचे कारण आपल्या देशाच्या अनुभवात आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात धुराड्याची 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली धूरविरहित चुलीवर पुस्तक लिहिले. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ पर्यंत चालला. तत्त्व बरोबर होते. तरीही अनेक घरांत वर्षादोनवर्षांत काजळीने धुराडे तुंबले, माती तडकली, आणि बाई पुन्हा तीन दगडांच्या चुलीकडे वळली.

ओडिशातील खेड्यांत धुराडे असलेल्या चुली काही घरांना देऊन रेमा हाना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे त्यांची पाहणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर खरोखर कमी झाला. पुढे मात्र तो परिणाम उरला नाही. चुलींचा नियमित वापर व दुरुस्ती झाली नव्हती. यात दोष केवळ गृहिणींचा मानणे अन्यायाचे होईल. जी वस्तू तुटल्यावर दुरुस्त करण्यास गावात माणूस नाही व हाती पैसा नाही, ती वस्तू देणाऱ्याने अर्धेच काम केलेले असते.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

एका बंद खोलीत, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, उदबत्ती पेटवून उभी करावी. धुराची रेघ प्रथम सरळ वर जाते व मग फाटून पसरते. पुठ्ठ्याचे उपडे छत्र करून ते उदबत्तीच्या वर वीतभर अंतरावर धरावे. जवळजवळ सारा धूर आत साठेल. आता तेच छत्र हळूहळू हातभर वर न्यावे. शेवटी बाजूने वहीने हलका वारा घालावा. प्रत्येक वेळी किती धूर छत्राबाहेर निसटला, ते वहीत नोंदवावे. छत्राची उंची व आडवा वारा यांविषयी वर जे सांगितले, ते डोळ्यांनी पाहावयास मिळेल.

हे पाहिल्यावर विद्यार्थ्याने घरी जाऊन स्वयंपाकघरात उभे राहावे आणि फोडणीचा धूर कोणत्या वाटेने जातो ते पाहावे. तो वाटेत आईच्या वा आजीच्या तोंडावरून जात असेल, तर काय बदलावयाचे हे त्यास आता ठाऊक आहे: दूरची खिडकी उघडावी, छताचा पंखा थांबवावा, तळणाची कढई मागे सरकवावी आणि गाळणी धुण्याचे काम स्वतः अंगावर घ्यावे.